मी नुसती चाल सांगितली

रोझीचं पत्र एडनला माझ्या हाती पडलं, तेव्हा पेड्रूमामांना मातीआड होऊन महिना लोटला होता. सोबत फडक्यात शिवलेलं पुडकं. "मामा गेले. हे तुलाच द्यायला सांगून गेले. मी उसवलं नाही. आत काय आहे ते कळव," असं माझ्या बहिणीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. आत काय असेल ते माझ्या बोटांना वरूनच कळलं...

आमच्या पाचूबंदर गावच्या लग्नांत पेड्रूमामा क्लॅरनेट वाजवायचे. नात्यानं आमचे कुणीच नव्हते. चौथीत शाळा सुटून मी बोटीवर जाऊ लागलो, तेव्हा त्यांनी मला सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या आणून दिल्या. हिंदी ओळ वाचायची, खाली पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहायचा. आज इथल्या गोदीच्या कचेरीत चार अक्षरं खरडतो ती त्या जोरावर. भरलेली चोपडी मामांकडेच राहायची; ते फक्त अक्षराचं वळण बघायचे. अर्थ सांगू लागलो की म्हणायचे, "सबद ठेव तुझ्यापाशी, मास्तर! मना चाल सांग. लोकांचे पाय काय सबद ऐकून नाचतात?"

रोझीच्या लग्नाला त्यांना नवं गाणं हवं होतं. वसईच्या बाजारात, हॉटेलातल्या फोनोवर एक उडती चाल ऐकून मी पाठ केली होती. चोपडीत त्या गाण्याचा अर्थही लिहून झाला होता : नवऱ्याची होडी रिकामी परत आली, म्हणून किनाऱ्यावर बसून बाई गाते आहे. मनात चर्र झालं. पण आमच्यात हिंदी कळतंय कुणाला, असं म्हणून मी मामांना नुसती चाल सांगितली. चर्चपासून मांडवापर्यंत सगळा गाव नाचला. नवरदेव सगळ्यांत जास्त.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्याची बोट आली, तो आला नाही. मग लग्नाला आलेल्या वसईच्या एका पाहुण्यानं गाण्याचा अर्थ सांगितला. बायका म्हणाल्या, "पेड्रूनं दारात मरन वाजवलं." मामा आमच्या अंगणात आले, टोपी हातात धरून. "बाय, मना सबद म्हाइत नव्हते गं." मग माझ्याकडे पाहिलं. मी जाळं सांधत होतो, मान वर केली नाही... पुन्हा कुठल्या लग्नाला त्यांना बोलावणं आलं नाही. तरी इथली नोकरी मला त्यांनीच मिळवून दिली, ओळखीच्या खलाशाच्या हातापाया पडून.

इथं रेडिओवर अरबी गाणं लागलं की सोबतचे ताल धरतात. मी आधी अर्थ विचारतो. हसतात मला. शब्दांनी दर्या खवळत नाही, हे मलाही कळतं. पण मामांना ते शब्द ठाऊक असते, तर त्यांनी रोझीच्या दारात ते गाणं वाजवलं असतं?

पुडक्यात तीच चोपडी निघाली. ते पान दुमडलेलं, ओळीओळीखाली माझं गिचमिड अक्षर. हे पान मामांनी एकदा गावाला दाखवलं असतं, तर क्लॅरनेट कायमचं पेटीत गेलं नसतं. त्यांनी ते लपवलं, आणि शेवटी मलाच परत केलं. रोझीला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहून मासिकात छापायला द्यायचा धीर झाला की काय... तिच्या पत्राचं उत्तर टेबलावर आहे, त्या चोपडीखाली. 'आत एक चोपडी होती' एवढंच लिहून झालं आहे.