चार डबे पाणी आणि सड्यावरचा मुक्काम

लढाई संपली आणि आमचे मालक घरी आले ते दोन गोष्टी घेऊन. एक, साध्या बाजारालाही कागदावर बेत करून निघायची खोड. दुसरी, लष्करानं मोडीत काढलेली एक ॲम्ब्युलन्स. पलटणीत ते मोटार चालवायचे, चालवता चालवता हवालदार झाले होते. गाव त्यांना हवालदार म्हणायचं, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणायची. तोंडावर म्हणणं जमलं नाही. लग्न होऊन चार वर्षं झाली होती खरी, पण त्यातली पावणेचार ते लढाईवर होते, त्यामुळं मी घरात नवीनच.

त्या ॲम्ब्युलन्समध्ये जखमींना निजवायच्या दोन फळ्या होत्या. एकीवर गादी टाकून सासूबाईंची जागा झाली, दुसरीवर पिठामिठाचे डबे आणि वातीचा स्टोव्ह. कंदील टांगायला आकडा होता, मागं दोन दारं होती. आष्ट्याच्या बाजाराला नेली तर माणसं भाजी सोडून ती बघायला जमायची. "हवालदार, घराला चाकं लावलीसा, आता जमिनीला कवा लावताय?" असं एकानं विचारलं होतं. हवालदारांना चेष्टा कळायची नाही. जमिनीला चाकं का लागत नाहीत, हे त्यांनी त्या माणसाला नीट समजावून सांगितलं.

ही गाडी त्यांनी घेतली ती आईसाठी. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांची थोरली बहीण पाटणच्या वर, सड्यावर दिलेली. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. दोघी बहिणींची गाठ पडून वीस वर्षं झाली होती. थोरलीला गुरं सोडून खाली येता येत नव्हतं आणि आत्याबाईंचे गुडघे गेलेले, डोंगर चढणं शक्य नाही. डोलीतून नेऊ म्हटलं तर म्हणायच्या, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन. अजून तशी येळ आली न्हाई." पण संध्याकाळी जोत्यावर बसल्या की हटकून आक्काचा विषय निघायचा. आक्कानं त्यांना पोहायला शिकवलं, आक्कानं त्यांच्यासाठी मार खाल्ला. मला ते सगळं पाठ झालं होतं.

आमच्या गुऱ्हाळावर सड्यावरचा एक माणूस दर हंगामात कामाला यायचा. हवालदारांनी त्याला गुळाच्या चुलवणापाशी गाठून असं काही विचारलं, की तो बिचारा आपल्याला पकडून नेतात की काय या भीतीनं उभाच राहिला. वाट आहे का? आहे, लाकडाच्या गाड्यांची, पण सड्याच्या अलीकडच्या कडेपर्यंतच. पुढं? पुढं दोन कोस नुसता कातळ, मग हवालदारांच्या या मावशीची वाडी. सावली? नाही. सरपण? नाही. पाणी?

"पानी वाडीच्या पल्याड हाय, एक झरा. उन्हाळ्यात आमीच घागर घागर जपून वापरताव. तुमी तुमचं घिऊन या."

बस्स. हवालदारांना हवं तसं काम मिळालं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांनी कोळशानं नकाशा काढला आणि दोन दिवस मला त्यावरून पाय टाकू दिला नाही. मुक्काम तीन दिवसांचा. पाण्याचे लष्करी डबे चार. एक पिण्याचा, एक रांधायचा, एक धुण्याभांड्यांचा आणि चौथा इंजिनाचा, कारण घाटात गाडी तापणार. मी भात किती पाण्यात शिजवते तेही त्यांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, "डोळ्यांनी बघून टाकते." त्यावर त्यांनी 'डोळ्यांनी' असं लिहिलं आणि मग चिडून खोडलं. रंगपंचमीनंतरच्या सोमवारी येतो, कडेवर थांबतो, असा निरोप त्या माणसाबरोबर मावशीला गेला.

सोमवारी पहाटे निघालो. लष्करी शिस्तीप्रमाणं दर पाच-सहा मैलांवर गाडी थांबायची आणि हवालदार पुढचं झाकण उघडून त्यात डोकं घालायचे. पहिल्यांदा थांबलो तो एका गावाच्या वेशीवर. आत्याबाई मला म्हणाल्या, "तांब्या भर गं."

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं नवा बैल दारात आला, की त्याच्या पायांवर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, मगच त्याला आत घेतात. लांबून चालून आलेलं जनावर, त्याचे पाय निवायला नकोत? आत्याबाईंच्या मते ही गाडी म्हणजे बैलच. चार पाय होते, राबत होती, आणि आक्काकडं नेत होती. मग तिला प्रत्येक गावच्या वेशीवर मान द्यायला नको? त्या मागच्या दारात बसून सांगायच्या आणि मी चाकांवर पाणी घालायची. तापलेलं रबर चर्रर्र करायचं आणि आत्याबाई समाधानानं म्हणायच्या, "बघ, कसं बरं वाटलं त्याला." एका चाकाला एक तांब्या पुरला नाही, तर दोन. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बैलाला मोजून पाणी घालणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

इस्लामपूर झालं, कऱ्हाड झालं. उंब्रजला माझं माहेर, तिथं जेवायला थांबलो. माझी आई म्हणाली, "जावईबापू, पानी भरून देऊ का डब्यात?" हवालदार ताठ उभे राहून म्हणाले, "गरज न्हाई. चारी डबे भरल्यात." मी आमटी वाढत होते. तिथंच बोलायला पाहिजे होतं मी. पण आईसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? वाटलं, वर काहीतरी होईलच. गप्प बसले, आणि उंब्रजच्या वेशीवर पुन्हा आठ तांबे ओतले.

घाट चढताना गाडी अशी उकळली, की पुढच्या झाकणातून वाफा निघायला लागल्या. कशीबशी कडेला पोचली. वर काय होतं म्हणता? काही नव्हतं. नजर पोचेल तिथवर काळा, तांबूस, सपाट कातळ, आणि आंबोळीला पडतात तशी त्याला भोकं. वारा मात्र सुरेख. हवालदार खूश झाले. इटलीत त्यांनी जळता डोंगर पाहिला होता. ते आईला सांगायला लागले, हा दगड एके काळी पातळ होता, जमिनीतून उकळून वर आला, काहिलीतल्या गुळासारखा पसरला आणि थिजला.

आत्याबाईंनी कातळाकडं बघितलं. "मग हलवायला कोन हुतं?"

हवालदार इंजिनाचा डबा आणायला गेले. डबा रिकामा. दुसरा उचलला, रिकामा. तिसरा, रिकामा. चौथा जेमतेम अर्धा. त्यांनी डब्यांना भोकं आहेत का ते उन्हात धरून बघितलं. मग आमच्या दोघींकडं बघितलं.

मी सगळं सांगून टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, "तिच्यावर डोळं वटारू नगंस. मी सांगितलं, तिनं घातलं. आन् आक्का हितं ऱ्हाती ती काय दगड चोखती व्हय?"

हवालदार ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, डब्यात उरलेलं सगळं पाणी इंजिनाला लागेल. प्यायला बरोबर घेतलेली कळशी तेवढी राहील. एवढ्यावर मुक्काम होत नाही. दिवस कासराभर राहीपर्यंत मावशीची वाट बघायची आणि निघायचं, अंधारात तो घाट उतरता येणार नाही. पुन्हा यायचं तर पावसाळ्यानंतरच.

वीस वर्षं, आणि त्यात आणखी हे. आत्याबाई मागच्या दारात बसून समोरच्या कातळाकडं बघत राहिल्या. कळशीतलं पाणी मी दिलं तर घेतलं नाही. मला इतकी लाज वाटली, की मी उगाच भांडी आवरत बसले. सूर्य उतरत उतरत कासराभर राहिला, तरी मावशीचा पत्ता नव्हता. हवालदार दोनदा गाडी चालवायला बसले आणि दोनदा खाली उतरले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा आत्याबाई हळूच म्हणाल्या, "चल बाबा. तुजंबी खरंच हाय."

तेवढ्यात मला दिसली. कातळावरून एक उंच म्हातारी येत होती, अनवाणी, डोक्यावर घागर. चालण्यात घाई नव्हती, पाण्याचा थेंब सांडत नव्हता. हवालदारांनी नरसाळं आणि डबा उचलला आणि धावले. असा आनंद ते लढाईवरून घरी परत आले तेव्हासुद्धा मी त्यांच्या तोंडावर बघितला नव्हता.

मावशीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, पण घागर दिली नाही. सरळ गाडीपाशी आली, पुढच्या चाकाशी वाकली आणि पाणी ओतायला लागली. मग दुसऱ्या चाकावर. मग मागच्या दोन्ही. दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी. हवालदार नरसाळं हातात घेऊन बघत राहिले.

"लय लांबनं आलाया," मावशी म्हणाली, "आन् माज्या भनीला घिऊन आलाया."

तळाशी थोडं राहिलं होतं. ते तिनं आत्याबाईंच्या पायांवर घातलं आणि तिथंच खाली बसली. मग दोघी रडल्या, आणि रडता रडता आत्याबाई म्हणाल्या, "आक्के, किती काळी झालीस गं तू." मागनं सुना येतायत घागरी घेऊन, असं मावशीनं सांगितलं. तरी हवालदारांनी नरसाळं बराच वेळ खाली ठेवलं नाही.

तीन दिवस आम्ही वर राहिलो. दिवसा मावशी गुरं बघून यायची, रात्री दोघी बहिणी एकाच फळीवर निजायच्या, आणि मी डोळ्यांनी बघून टाकलेल्या पाण्यात भात छान शिजायचा. परतताना मावशीच्या सुनांनी चारी डबे भरून दिले. हवालदारांनी स्वतः झाकणं लावली आणि आमच्या दोघींकडं असं बघितलं, की मी तांब्या पोत्यात खोल घालून ठेवला.

घाट उतरून पाटणच्या वेशीवर आलो तर गाडी थांबली. हवालदार उतरले, पण पुढचं झाकण उघडलं नाही. मागं आले आणि माझ्याकडं हात केला. "तांब्या कुठाय?"

मी पोत्यातून काढून दिला. त्यांनी चारी चाकांवर एकेक तांब्या घातला, कमी नाही, जास्त नाही. मग पुन्हा भरला. आत्याबाई मागच्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. ते पाणी त्यांनी आईच्या पायांवर घातलं, सावकाश, दोन्ही गुडघ्यांपासून खाली.

आत्याबाईंनी पाय आणखी थोडे पुढं केले.