बिनदाढीच्या राजाचा रुपया

मी लेखक नाही. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता साठीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलो आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा लिहिण्याचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण एक गुन्हा मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा मी बोईसरला होतो. सकाळची हजेरी चालू असताना तारापूरकडून सुकी मासळी विकणारी एक आजी आली. तिने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर चांदीच्या जुन्या रुपयांची माळ ठेवली. प्रत्येक रुपयाला वर कडी डाखलेली, म्हणजे धातू वितळवून जोडलेली.

"ह्या बारातला एक चोरलाय."

अंमलदाराने बोट लावून मोजले. "आजी, बारा होते म्हणता ना? बाराच आहेत. चोरी कसली?"

"बारा हायत, पन माज्या आयशीचा नाय! तिच्या रुपयावरच्या राजाला दाढी नव्हती. ह्यो बग, दाढीवाला घुसवलाय."

सगळे हसले. एक शिपाई म्हणाला, "इतक्या वर्षांत वाढली असेल, आजी."

"तुजी तरी कुटं वाढली अजून?"

मी तिला आत बसवलं. त्यांच्या घरात लेकीचं लग्न ठरलं की आई माळेत स्वतःचा एक रुपया घालते आणि माळ लेकीला देते. आता नातीचं लग्न चार महिन्यांवर होतं. आईच्या रुपयाशिवाय ती माळ नातीच्या गळ्यात घालायला आजी तयार नव्हती. दोरा झिजला म्हणून माळ बाजारातल्या सोनाराकडे दिली होती, एवढंच तिला माहीत होतं.

सोनाराला बोलावलं. तो शांत होता. "साहेब, माळ आली तशी दिली. एक कडी सुटली होती, ती डाखली." भिंगातून पाहिलं, तर त्या एकाच कडीचा डाख नवा होता. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. शिवाय बदललेल्या रुपयावर साल होतं १९१८. दाढी नसलेला राजा त्याच्या नंतरचा. जुना देऊन नवा कोण चोरेल? मला कळेना.

म्हणून पालघरच्या एका नाणी जमवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी माझ्या तळहातावर तांब्याचं एक ओबडधोबड नाणं ठेवलं.

"चारशे वर्षांचं आहे. किंमत सांगा."

"लाखभर?"

"दोन वडापाव! घडेच्या घडे भरून सापडलीत. वयाला भाव नसतो, साहेब. १९१८ चे रुपये पोत्याने मिळतात. बिनदाढीच्या राजाचे १९३९ चे मात्र फार थोडे उरले."

"म्हणजे दुर्मीळ तेवढं महाग?"

"तसंही नाही. माझ्याकडे याहून दुर्मीळ नाणी पडून आहेत, पण ती मागणारा कोणी नाही. आणि मागणारा असला, तरी त्याला नाणं टांकसाळीतून आलं तसं हवं. कडी डाखली की भाव बसला."

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कोणीतरी १९३९ च्या रुपयाचा फोटो पाठवून गिऱ्हाईक शोधत होता. वरच्या कडेला कानस मारल्याची खूण स्पष्ट दिसत होती. फोटोखालचा नंबर आमच्या सोनाराचा होता.

फोटो पुढे ठेवताच त्याने कबूल केलं. "फोनवर भाव बघितला आणि डोकं फिरलं, साहेब. कडी काढून घासला. आता कोणी हात लावत नाही." पंचांसमक्ष रुपया जप्त केला. अपहाराचा गुन्हा दाखल झाला.

आजीला रुपया दाखवला. तिने त्याच्यावरून अंगठा फिरवला. "दे ना."

"न्यायालयाचा आदेश लागेल, आजी. आता हा मुद्देमाल आहे."

"मुद्देमाल नाय, माजी आय हाय ती."

मी अर्ज लिहून दिला, पण तारखा पडत गेल्या आणि मधेच मी निवृत्त झालो. या प्रकरणाने मला एक शिकवलं. त्या रुपयाची किंमत काय, हे मी जाणकाराला विचारलं. आजीला एकदाही विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुद्देमाल कारकुनाचा फोन आला. न्यायालयाने रुपया सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, आजीला दिला होता. आवारातच एकाने, कानस मारलेला असूनही, तो वीस हजारांना मागितला. आजीने रुपया पदराच्या गाठीत बांधला. थेट दुसऱ्या सोनाराच्या दुकानात गेली आणि त्याच्यासमोर बसून कडी डाखून घेतली.