शर्टावरचा चीक

जळगावला बी.एस्सी. करत होतो तेव्हाची, नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या सरांकडे युगांडाचे एक पाहुणे आले होते. झाडापाल्यातून औषधं शोधणारे रसायनतज्ज्ञ. दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं, पण आधी त्यांना केळीची बाग बघायची होती. सरांनी त्यांना माझ्याबरोबर फैजपूरला, आमच्या घरच्या बागेत धाडलं.

सहा फुटांचे हे गृहस्थ बागेत शिरले आणि पोरासारखे झाले. दिसेल ते पान आधी हुंगायचे, मग स्वतःशीच हसायचे. माझ्या हातातला विळा घेऊन त्यांनी सराईतासारखं एक पान कापलं आणि चीक थेट पांढऱ्या शर्टावर उडाला.

आई लिंबू घेऊन धावली. "इतला चांगला शर्ट! चिकाचा डाग जात नही, भाऊ."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक आहे. माझी आईही केळीच लावते. हा डाग का जात नाही, हे शोधायलाच मी रसायनशास्त्राकडे वळलो."

"मंग, सापडलं का?" आईनं विचारलं.

"अजून नाही. शोधता शोधता दोन औषधं मात्र सापडली!"

दुसऱ्या दिवशी ते तोच शर्ट घालून व्याख्यानाला उभे राहिले आणि डागावर बोट ठेवून म्हणाले, "इथून सुरुवात करू."

समोर निम्मी मुलं केळीवाल्यांची, चिकाचे कपडे गावी ठेवून येणारी. माझ्या बाहीच्या टोकालाही एक जुना डाग होता. तो दिसू नये म्हणून मी कायम बाह्या दुमडायचो.

त्या दिवशी त्या हळूच खाली सोडल्या.