पटावर नसलेल्या दोघी

शाळेचा पट म्हणजे काय, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर मी समजत होते की गुरुजी सकाळी नावं पुकारतात, पोरं हजर म्हणतात, झालं. मुलगा आणि सून सुरतेला कामाला, नातू माझ्याजवळ, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून मला घेतलं. दुपारच्या मीटिंगला येण्याइतकं मोकळं गावात दुसरं कुणी नव्हतं, हेही एक कारण. तिथं चहा पिता पिता एकेक कळत गेलं. हजेरीत नावं किती, त्यावर खिचडीचा तांदूळ किती ते ठरतं. पुस्तकांचे संच त्यावरच येतात. खडू, झाडू, लाइटबिल यांच्यासाठी वर्षाकाठी जे अनुदान मिळतं तेही पट बघून. आणि शिक्षक किती द्यायचे, तेही पट बघूनच. गावाला वाटतं शाळा सरकारची आहे, सरकार बघेल. बघतं ना, पण आधी मोजतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, अमळनेरच्या बाजूला, चौथीपर्यंत. दोन खोल्या आणि दोन माणसं, एक गुरुजी आणि एक मॅडम. सप्टेंबर संपताना जितकी नावं असतील तितकी धरून जागा मंजूर होतात. त्या वर्षी गुरुजींनी सांगितलं की आपण दोन पोरांनी कमी पडतोय, मॅडमची जागा जाईल. मॅडम तिथंच बसल्या होत्या, वह्या तपासत. त्यांनी मान वर केली नाही. मॅडम गेल्या म्हणजे चारी वर्ग गुरुजींकडे. शिवाय त्यांना तालुक्याला मीटिंगा, मोबाईलवर रोजची माहिती भरणं, ते वेगळंच. गुरुजी तालुक्याला गेले की पोरांना खिचडीवाल्या बाईनं सांभाळायचं, असाच त्याचा अर्थ.

मग आम्ही घरोघर गेलो. गावातली बरीच पोरं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. एका घरी मी म्हटलं, बाई, आपल्या शाळेत घाल, फी नाही, जेवण आहे, मॅडम चांगल्या आहेत. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्का, तुमच्या मुलाला सांगा, सुरत सोडून गावात ये. तो आला की आमचा पोरगा व्हॅनमधून उतरला समजा." तिच्या सासूनं तोंडाला पदर लावला. हसायला मलाही आलं. बोलली ते काही चुकीचं नव्हतं.

आता खरी गंमत अशी, की कमी पडणाऱ्या दोन पोरी शाळेतच बसत होत्या. जूनपासून रोज यायच्या. मोठी तिसरीत, माझ्या नातवाशेजारी, आणि धाकटी पहिलीत. खिचडीला ताट घेऊन बसायच्या. पण हजेरीत त्यांची नावं नव्हती. मॅडम त्यांना वेगळं विचारायच्या नाहीत, नावं पुकारून झाली की शिकवायला लागायच्या.

या पोरी आबांच्या नाती. आबांचं घर आमच्या आळीतलं, माणूस सरळ आणि अबोल. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला घरचा कुणीतरी मुऱ्हाळी म्हणून जातो, मग चार दिवस झोके, गाणी, सांजोऱ्या, आणि त्या परत जातात. आबांची लेक त्या वर्षी मुऱ्हाळी न जाताच आली. दोंडाईच्याच्या बाजूला दिलेली, तिथून रेल्वेनं, दोन पोरी आणि दोन मोठ्या पिशव्या घेऊन. आखाजी झाली, बाकीच्या लेकी गेल्या. ती राहिली. काय झालं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सुरुवातीला बायका नळावर तिला विचारायच्या की किती दिवस आहेस. पोळ्यापर्यंत ते विचारणंही थांबलं. आबा मात्र दुकानात, पारावर, एस.टी.च्या कंडक्टरला, कुणालाही एकच सांगायचे की लेक पाहुणी आली आहे.

नावं इथं लावायला अडचण काय, तर पोरींची नावं तिकडच्या शाळेत होती. एक पोर दोन ठिकाणी मोजता येत नाही, आधारकार्डाला सगळं जोडलेलं असतं. गुरुजी म्हणाले, दाखला नसला तरी वर्गात बसवायचंच, कायदा आहे तसा. पण नाव इकडे यायचं तर मी मोबाईलवर मागणी घालणार, तिकडचे मुख्याध्यापक मान्य करणार, मग नाव सरकणार. म्हणजे तिकडच्या गावाला कळणार. आणि मागणी घालण्याआधी आईनं तोंडानं सांगायला हवं.

"अक्का, तुम्ही आबांशी बोला," गुरुजी म्हणाले. "मी गेलो तर सरकारी काम वाटेल."

मी गेले. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी शाळेचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं. पोरी रोज येतातच, नुसतं नाव लावायचं, असंही म्हटलं. हे "नुसतं" मी म्हटलं खरं, पण ते नुसतं नव्हतं हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. दोरीचा पीळ न सोडता ते म्हणाले,

"पाहुनी येल शे ती. दिवाळीले जाई."

मी म्हटलं, आबा, पोरी शाळेत बसून चार महिने होत आले.

"पाहुनाना पोरे शाळामा नाव लावतस का कोठे?"

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला होता. मी चहा न घेता उठले. दुसऱ्या दिवसापासून आबा मला पाहून मान दुसरीकडे करायला लागले. राग मला आला नाही. पाहुणी म्हटलं तर लेक परत जाणार असते. नाव इथं लावलं की ती इथलीच झाली, आणि ते सगळ्या गावासमोर, शाळेच्या शिक्क्यानिशी.

दिवस जात होते, म्हणून गुरुजींनी तिकडच्या मुख्याध्यापकांना नुसता अंदाज घ्यायला फोन केला. मी आणि मॅडम समोरच होतो. फोन ठेवल्यावर गुरुजींनी टेबलावरचं डस्टर बाजूला सरकवलं. मग सांगितलं. तिकडची शाळाही आमच्यासारखीच काठावर होती. त्या दोन पोरी धरून त्यांचा पट कसाबसा बसत होता. त्या गुरुजींनी हात जोडल्यासारखं सांगितलं म्हणे, सप्टेंबर तेवढा जाऊ द्या, ऑक्टोबरात लगेच नावं सोडतो. आमचे गुरुजी म्हणाले, ऑक्टोबरात मला काय उपयोग. असं दोघांचं बराच वेळ चाललं होतं, अगदी गोडीत. बाजारात दोन व्यापारी एकाच मालावर बोलतात तसं, एवढंच की माल शेजारच्या खोलीत पाढे म्हणत होता.

मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "मुलींच्या आईला कुणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. मीसुद्धा आबांशीच बोलून आले होते.

विचारायला जावं लागलं नाही. मी ओट्यावर बोलले ते तिनं आतून ऐकलं होतं. दोन-तीन दिवसांनी खिचडीच्या सुट्टीत ती शाळेत आली. पोरींची आधारकार्डं पिशवीत होती. मी तांदूळ बघायला म्हणून तिथंच होते. गुरुजींनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. गुरुजी प्रामाणिक माणूस. त्यांनी तिला दोन्ही शाळांचं सांगितलं. इथं नाव लावलं तर इकडचा शिक्षक राहील, तिकडचा जाईल. नाही लावलं तर उलटं. हे तुझ्यावर टाकायला नको होतं, असंही म्हणाले. ती बारावी शिकलेली, आमच्याशी शुद्ध बोलायची. त्या दिवशी मात्र घरच्या बोलीत बोलली.

"गुरुजी, मास्तर कोठे ऱ्हाई ते मी काय सांगू. पोरे आठे बसतस, नाव तठे. कितला दिन चाली आसं? जठे बसतस तठे मांडा."

मी विचारलं, आबांना सांगितलंस का. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, घरी जाऊन सांगते. मग गुरुजींनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि मागणी घातली. तिकडच्या मुख्याध्यापकांनी मान्य करायला दोन दिवस लावले, पण केली. अडवली असती तर आमचं काही चाललं नसतं. माणूस भला होता.

अर्ज दिला त्या संध्याकाळी आबांच्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आवाज काही आला नाही. मॅडमची जागा राहिली. तिकडच्या शाळेतल्या एका शिक्षकाची बदली झाल्याचं गुरुजींनी पुढे कधीतरी सांगितलं, तेव्हा मॅडम खोलीत नव्हत्या. आणि दिवाळीला लेक कुठं गेली नाही. तिला तसं विचारलंही नाही कुणी, कारण शाळेत नावं लागल्याचं तोवर पोरांनीच घरोघर सांगितलं होतं.

एक राहिलं. गणवेश मागच्या वर्षीच्या आकड्यावर येतात, ते वाटून झाले होते. या दोघींना मिळणार नव्हते. परिपाठाला सगळी पोरं निळ्या-पांढऱ्यात आणि या दोघी फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा लांबून ओळखू यावं, की या कुठून तरी आलेल्या.

थंडी सुरू झाली होती. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. आबा समोरून जात होते, नेहमीसारखे दुसरीकडे बघत. थोडं पुढे जाऊन परत फिरले. उभे राहिले. मी म्हटलं, बसा आबा. बसले नाहीत.

"अक्का," ते म्हणाले, "ते ड्रेसनं कापड कोठे भेटस?"

मी सांगितलं, अमळनेरला बाजारात, शाळेचं नाव सांगितलं की देतात. आणि जरा मोठ्या मापाचं शिवा, म्हटलं, पुढच्या वर्षीही होईल. त्यांनी मान हलवली आणि एस.टी. थांब्याकडे चालायला लागले.