खंडेनवमीला थांबलेलं मशीन

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या सुताच्या कारखान्यात केसरबाईचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता: खंडेनवमीला मशीन चालणार नाही. बाई शहाद्याकडची. पंच्याऐंशी साली नवऱ्यामागोमाग सिल्वासाला आली, सूत पिळायच्या मशीनवर लागली आणि तिथंच राहिली.

शेठ दरवर्षी चिडायचा. "अरे केसरबेन, दसऱ्याची सुट्टी देतो ना! तेव्हा करा पूजा."

"सुट्टी तुमची, शेठ. हत्यारं आजच पुजतात."

नव्याण्णव साली मात्र शेठ आपणहून म्हणाला, "खुशाल बंद ठेवा, दिवसभर." नारळसुद्धा त्यानंच आणवले. केसरबाईला वाटलं, सुधारला माणूस. त्यात या दिवाळीपासून पगारवाढ ठरलेली आणि त्या वाढीच्या जोरावर थोरल्या लेकीनं, चंदानं, नर्सिंगला जायचं. बाई खुशीत होती.

हळदकुंकू वाहून झालं, झेंडूच्या माळा चढल्या. शेडमध्ये चिडीचूप. नेमके तेव्हाच मुंबईहून सरकारी बँकेचे साहेब आले. शेठ पडेल चेहऱ्यानं पुढे झाला. "बघा साहेब, सगळं ठप्प. सरकारनं हात दिला नाही तर कारखाना गेला."

फिटर रघुनाथ केसरबाईच्या कानाशी लागला. "मावशी, कारखाना आजारी म्हणून दाखवतोय. व्याज माफ, वर नवं कर्ज. आणि आपली पगारवाढ पाच वर्षं बंद!"

"आजारी? मग कालपर्यंत काय भुतं सूत पिळत होती?"

"आणि ऐक. याच्याच दुसऱ्या कंपनीनं स्वतःचेच शेअर चढ्या भावानं परत विकत घेतले. नवा कायदा निघालाय तसा. पेपरात होतं. सगळ्यात जास्त शेअर विकले ते यानंच."

"म्हणजे याच्याच कंपनीनं याचेच खिसे भरले, अन् इथं हा कटोरा घेऊन उभा? मेल्या, म्हणून नारळ आणलेस होय!"

केसरबाई मशीनपुढे गेली. स्वतःचे कान धरले, "माफ कर माय," म्हणाली आणि खटका दाबला. चात्या गरगरल्या. झेंडूच्या पाकळ्या उडून साहेबांच्या सफारीवर पडल्या. शेठ किंचाळला, "बंध करो, बंध करो!"

"तिन्ही पाळ्या चालतं, साहेब," बाई त्या आवाजावर ओरडली. "आज सण म्हणून गप्प होतं."

साहेबांनी पाकळ्या झटकल्या. "बाई, मशीन ठणठणीत आहे हो. कंपनी आजारी आहे, कागदोपत्री."

"मग औषध कागदाला पाजा! आमचं ताट कशाला ओढता?"

साहेब काही बोलणार तोच शेठनं त्यांना चहाला नेलं. फाफडा, जिलबी, सगळा थाट होता. यांना आजारी माणसाच्या घरी जिलबी खाताना संकोचही वाटत नाही! महिन्याभरात मदत मंजूर झाली, पगारवाढ बंदच्या अटीसकट.

दिवाळीनंतर केसरबाई सकाळपाळीला आली तेव्हा चंदा बरोबर होती, मदतनीस म्हणून लावून घ्यायला. पोरगी दाराशीच थबकली.

"बघत काय राहिलीस? ओढणी नाकावर बांध," केसरबाई खेकसली. "सूत छातीत जातं."

आणि तिनं स्वतःच गाठ मारून दिली, जरा जास्तच करकचून.