अर्जातून खोडलेली ओळ

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या तंजावूरच्या घरात वीज होती ती फक्त दिव्यांपुरती. कुणी इस्त्री लावली की दिवे मंदावायचे, आणि त्यात पंखा चालू असला तर फ्यूज उडालाच म्हणून समजा. अशा घरात अप्पांनी फ्रिज आणायचं ठरवलं. त्यांच्या कॉलेजातल्या दुसऱ्या प्राध्यापकाकडे आला होता ना, मग झालं!

त्याच आठवड्यात आईनेही एक मागणी केली, जन्मात पहिल्यांदा. कुंभकोणमला एका लग्नघरी तिने विजेवर फिरणारा ग्राइंडर पाहिला होता. नऊ माणसांचं इडलीचं पीठ ती रोज दगडी आट्टुकलावर हाताने वाटायची, आणि तिचा उजवा खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. "जमलं तर तेही बघा," एवढंच म्हणाली.

वीज ऑफिसचा माणूस वायरी बघून गेला. म्हणाला, फ्रिजपुरतं निभेल. दोन्ही हवं तर खांबापासून जाड वायर आणा, स्वयंपाकघराची भिंत खोदून वेगळी लाइन घाला. घरात काय काय चालवणार ते अर्जात लिहून द्या.

अर्ज मी लिहिला. माझं इंग्रजी चांगलं, अक्षर त्याहून चांगलं. एका ओळीत फ्रिज, दुसरीत ग्राइंडर. अप्पा वाचून म्हणाले, "दुसरी ओळ खोड. भिंती कोण फोडत बसणार? आणि करंटवर वाटलेलं पीठ सोवळ्याला चालतं काय?"

सोवळं म्हणे! पुढे फ्रिज आल्यावर, त्याच वर्षी आजोबांच्या श्राद्धाला ब्राह्मण जेवून उठले, तेव्हा फ्रिजमधलं गार पाणी पहिल्यांदा मागितलं ते अप्पांनीच.

पण मी तरी कुठल्या तोंडाने बोलू? ती ओळ मीच खोडली. मला मैत्रिणींना बर्फ घालून सरबत द्यायचं होतं. नव्या लाइनीपायी फ्रिज लांबला असता, आणि मला तेवढाही धीर नव्हता.

अप्पांनी आईला सांगितलं, "ऑफिसाने नाही म्हटलं." मी तिथेच उभी होते.

"मेल्यांच्या घरी बायका नाहीत का?" असं म्हणून आई पीठ वाटायला बसली.

फ्रिज हॉलमध्ये ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मग अप्पा म्हणाले, पीठ आता टिकतंय, तर एकदम दोन दिवसांचं वाटत जा. जळो तो फ्रिज! आधी तासभर वाटायची, ती आता एका बैठकीला दोन-दोन तास वाटू लागली.

पुढे तिचा हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला. तोवर माझं लग्न झालं होतं. माहेरी गेले की तिची वेणी मीच घालायचे.

एकदा मी फणी फिरवत होते, तर म्हणाली, "त्या ऑफिसवाल्यांचं काय गेलं असतं गं, हो म्हणायला?"

"काही नाही, आई," मी म्हणाले आणि वेणी घालत राहिले.