मागच्या सीटवरचं वजन

तिचं नाव मी विचारलंच नाही. शहापूरच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या दुकानात मी चार्जर बदलायला गेलो होतो, तेव्हा ती सगळ्यात स्वस्त गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभी होती. वय पन्नाशीचं, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायाशी भाजीची रिकामी पाटी.

विक्रेता तिला मोठ्या स्क्रीनच्या महागड्या गाडीकडे वळवत होता. "मावशी, ही हलकी गाडी भाजी घेऊन तुमच्या शेणवे गावाकडचा चढ चढायची नाही. तिकडची घ्या, हप्ता थोडाच वाढेल."

"वाढलेला हप्ता तू भरशील काय? जीपवाला माझी पाटी बघून थांबत नाय, म्हणून गाडी घेतंय मी. त्या टीव्ही लावलेल्या गाडीचं काय करू?"

"अहो, पण चढ..."

"आज पाटी रिकामी हाय. मागं तू बस."

तो हसला. ती हसली नाही. शेवटी तो इस्त्रीच्या शर्टातला धिप्पाड माणूस मुकाट्याने मागे बसला, आणि ती त्याला दुकानामागच्या चढावर घेऊन गेली. परत आली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी सीट आवळून धरली होती.

"चढली ना रे? भाजी तुझ्यापरीस हलकी असते," ती म्हणाली, आणि तीच गाडी घेतली.

परवा शेणव्याच्या रस्त्यावर एक जीप मधोमध उभी राहून प्रवासी भरत होती. मागून ती आली, भरलेली पाटी सीटला बांधून. तिने हॉर्न दाबला, आणि जीप बाजूला होईपर्यंत सोडला नाही.